जुन्या जीप-पिकअपला पुढे डिस्क ब्रेक : पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

बेळगावजवळच्या कडोलीची भाजी भरून जांबोटी-कणकुंबीमार्गे गोव्याकडे निघालेली जुनी पिकअप चोर्ला घाटाच्या उताराला लागली की पाचव्या-सहाव्या वळणाला पेडल खाली जायला लागतं. पहिल्या वळणाला अर्ध्या पेडलवर थांबणारी गाडी आता पाय फळीला टेकला तरी सरकत राहते, आणि पुढच्या चाकांकडून जळक्या लायनरचा वास येतो. हे ज्यानं एकदा अनुभवलंय त्याला डिस्क का हवी ते सांगावं लागत नाही. ती कशी बसवायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती बसवताना काय काय बदलावं लागतं, ते इथे लिहितो आहे.

आमची पिकअप १९८४ सालची. जीपच्या तोंडाची डिझेल महिंद्रा, चारही चाकांना ड्रम, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) नाही, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा) एकच खणाचा आणि तोही पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूला. वडिलांनी घेतलेली गाडी, विकायची नव्हती. उद्यमबागेतल्या एका जुन्या मेस्त्रींच्या हाताखाली मी स्वतः राबून पुढची दोन चाकं डिस्कवर आणली. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, ‘‘चकती काय, कोण बी बसवंल गा. खरं ब्रेक जुळवायला पायजे.’’ आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे बाहेरच्या वाचकांसाठी. सगळं काम संपल्यावर मला त्या वाक्याचा अर्थ कळला. चकती, म्हणजे डिस्क, आणि कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा) बसवायला आम्हाला दोन दिवस लागले. मास्टर, बूस्टर, पाइप आणि पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोल जमवण्यात पाच रविवार गेले.

ड्रम का दमतो

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा. त्यात लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, आतून बाहेर दाबले जातात. घाटात ड्रम तापला की तो फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. तेवढं अंतर भरून काढायला पेडल जास्त खाली जातं. वर लायनरही तापून गुळगुळीत होतो. डिस्क तापून फुगली तर उलट पॅडच्या दिशेनंच जाड होते, आणि ती उघड्यावर असल्यानं वाऱ्यानं लवकर थंड होते. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये शिरलेलं पाणी आतच फिरत राहतं, डिस्क मात्र दोन-तीन फेऱ्यांत पाणी झटकून टाकते. आंबोलीच्या पावसात गाडी चालवणाऱ्याला एवढं एक कारण पुरे आहे.

पण ड्रमची एक खुबी आहे, ती विसरलात तर सगळं काम फसतं. चाक फिरतं त्याच दिशेनं ढकलला जाणारा लायनर स्वतःलाच ड्रममध्ये आणखी दाबून घेतो. पायाच्या थोड्या जोरावर ड्रम जास्त धरतो तो यामुळे. डिस्कला ही मदत नाही. पॅड दोन्ही बाजूंनी सरळ दाबले जातात, जेवढा दाब तेवढीच पकड. म्हणून जुन्याच मास्टरवर, बूस्टरशिवाय डिस्क जोडली तर ड्रमपेक्षाही वाईट ब्रेक मिळतो आणि लोक डिस्कला नावं ठेवतात.

आणखी एक. तुमचे ड्रम ओव्हल (लांबट) झालेले असतील, व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबानं लायनर ढकलणारे) गळत असतील, ॲडजस्टमेंट कधी केलीच नसेल, तर आधी ते दुरुस्त करून गाडी चालवून पाहा. गाडी शेत ते गाव एवढीच जाणार असेल तर नीट ठेवलेले ड्रम पुरतात. घाट, ओझं आणि पाऊस तिन्ही रोजचे असतील तरच या खर्चात पडा.

आधी कागद

पाना हातात घेण्यापूर्वी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. बेळगावची के.ए. २२ असो, चिकोडीची के.ए. २३ असो की पलीकडची कोल्हापूरची एम.एच. ०९, कायदा एकच. तुमच्या मॉडेलला निर्मात्यानं पुढे कधी डिस्क दिली होती का, ते शोधून ती माहिती सोबत न्या आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघात झाल्यावर बदललेल्या ब्रेकचा प्रश्न निघाला तर तोंडी बोलण्याला काही किंमत नसते.

फक्त पुढेच

नवख्यांनी चारही चाकांना डिस्क करायच्या फंदात पडू नये. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात. मागचे ड्रम राहिले तर हँडब्रेकचाही प्रश्न येत नाही. जुन्या फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनची ताकद जाणाऱ्या) जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवरच्या छोट्या ड्रमवर असतो. तुमच्या गाडीत तो कुठे आहे ते खाली वाकून बघून घ्या.

मापं

इथे वेळ घाला. जीपच्या घराण्यातल्या बहुतेक गाड्यांना पाच स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) असतात आणि ते साडेपाच इंची, म्हणजे १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर बसतात. पाच स्टडांत समोरासमोर स्टड येत नाही, त्यामुळे सरळ आरपार मोजता येत नाही. शेजारच्या दोन स्टडांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ते अंतर ८२.१ मिलिमीटर आलं तर वर्तुळ १३९.७ चं. मारुती जिप्सीचं वर्तुळही हेच आहे, म्हणून तिच्या डिस्कचा विचार लोक करतात. पण वर्तुळ जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही. ओझं वाहणाऱ्या पिकअपला हलक्या गाडीची पातळ डिस्क लावू नका. ज्या गाडीचं एकूण वजन तुमच्या भरलेल्या पिकअपइतकं किंवा जास्त आहे तिचाच संच शोधा.

वहीत ही मापं लिहून घ्या: हबच्या (चाक ज्यावर बसतं त्याच्या) मधल्या गोल भागाचा व्यास, स्टडची जाडी आणि आटी, हबच्या तोंडापासून बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) बोल्टच्या तोंडापर्यंतची खोली, रिमचा आतला व्यास. शेवटचं माप सगळ्यांत जास्त लोक विसरतात. कॅलिपर आणि रिम यांच्यात सगळीकडून निदान ३ मिलिमीटर मोकळं पाहिजे. सोळा इंची रिमला बसणारा कॅलिपर पंधरा इंचीत घासू शकतो. नेमकं माप कळेना झालं तर जाड पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून रिममध्ये फिरवून बघा. आम्ही तेच केलं.

सामान घेताना

भंगारातून उचललेला संच चालतो, पण डावा आणि उजवा एकाच गाडीचे घ्या. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्नियर लावून बघा, त्या आकड्याच्या जवळ आलेली डिस्क घेऊच नका. खरं सांगायचं तर डिस्क आणि पॅड नवेच घ्यावेत. कॅलिपर जुना चालेल, पण पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नको. त्याची रबरी सील, डस्ट कव्हर, सरकत्या पिनांचे बूट आणि रबरी होज पाइप नवेच पाहिजेत. होजच्या बँजो बोल्टला (मधून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर लागतात, तेही दर वेळी नवे.

ब्रॅकेट

कॅलिपर धरून ठेवणारं ब्रॅकेट आपल्याला करून घ्यावं लागतं, आणि या बाबतीत बेळगावकर नशीबवान आहेत. उद्यमबाग आणि मच्छे या दोन औद्योगिक वसाहतींत फाउंड्री आणि मशीनशॉप इतके आहेत की प्लेट कापण्यापासून लेथवर हब टर्न करण्यापर्यंत सगळं काम सायकलवरून फिरून होतं. तुम्ही निपाणी-चिकोडीकडचे असाल तर कोल्हापूरची शिरोली किंवा गोकुळ शिरगाव जवळ पडेल.

टर्नरकडे जाताना कागदावर चित्र काढून, सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहून न्या. मराठी-कन्नड मिसळून तोंडी सांगितलेलं माप दोघांच्या डोक्यात वेगवेगळं बसतं. आमचं पहिलं ब्रॅकेट तसंच फुकट गेलं: मी ‘पाऊण इंच आत’ म्हणालो ते हबच्या तोंडापासून, त्यानं धरलं बॅकप्लेटपासून.

ब्रॅकेटला १२ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट घ्या आणि भोकं ड्रिल करून घ्या, गॅसकटिंगनं नकोत. बोल्ट १०.९ ग्रेडचे, डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो. कॅलिपर जिथे बसतो तिथे वेल्डिंग करून तुकडे जोडणं मला पसंत नाही. एकाच प्लेटमधून कापलेलं ब्रॅकेट उजवं.

फोर-व्हील जीपमध्ये बॅकप्लेट आणि स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) एकाच सहा बोल्टांनी नकलला (स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाला) धरलेले असतात. बॅकप्लेट काढून तिथे ब्रॅकेट घातलं की स्पिंडल तेवढं बाहेर सरकतं. म्हणून बॅकप्लेट जेवढ्या जाडीची होती, ब्रॅकेटचा तो भाग तेवढ्याच जाडीचा टर्न करून घ्या. नाहीतर आतल्या शाफ्टची आणि ड्राइव्ह फ्लँजची पकड बदलते. फक्त मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या टू-व्हील गाडीत स्पिंडल नकलचाच भाग असेल तर ही काळजी नाही.

जुनं काढणं

गाडी सपाट फरशीवर. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. जॅकनं उचलायची आणि लगेच चेसिसखाली स्टँड लावायचे. जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, एक मिनिटसुद्धा, जाऊ नये.

चाकाचे नट सोडवताना आधी स्टडचं टोक पुसून बघा. विलिस या मूळ जीप कंपनीच्या वळणाच्या जुन्या जीपांना डाव्या बाजूला उलटी आटी असते आणि स्टडवर ‘एल’ हे अक्षर कोरलेलं असतं. हे माहीत नसलं की माणूस चार फुटी पाइप लावून नट आणखी घट्ट करत बसतो आणि स्टड मोडतो.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ कंप्रेसरच्या हवेनं उडवू नका. गॅरेजमध्ये सगळे हेच करतात, पण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. तोंडाला चांगला मास्क, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. पोरांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

बऱ्याच जुन्या हबांमध्ये ड्रम हबला स्टडांनीच पक्का केलेला असतो, स्टडचा काठ ठोकून फुगवलेला असतो. घण मारून स्टड बाहेर काढले तर हबची भोकं वाढतात, मग नवे स्टड फिरायला लागतात. फुगवलेला काठ आधी कटरनं किंवा लेथवर काढा आणि मग प्रेसवर स्टड दाबून काढा. हब हातात आहे तोवर बेअरिंग आणि ऑइल सीलही बदलून घ्या. सील गळून ग्रीस नव्या डिस्कवर आलं तर ते पॅड फेकावेच लागतात.

बसवणं

डिस्क हबच्या मधल्या गोल भागावर चपखल बसली पाहिजे, फक्त स्टडांवर टांगलेली नको. त्यासाठी हब थोडा टर्न करावा लागतो किंवा मध्ये रिंग घालावी लागते. बसवल्यावर बेअरिंग नीट कसा, चाकाचे नट लावून डिस्क हबला दाबून धरा आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं माप) लावून हातानं फिरवा. काटा ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त हलायला नको. हलला तर डिस्क एका स्टडनं पुढे फिरवून पुन्हा बघा, हबच्या तोंडावर गंजाचा कण आहे का बघा. डायल गेज नसेल तर मशीनशॉपमध्ये अर्ध्या तासासाठी मागा, देतात.

कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. मध्य जमवायला बोल्टखाली वायसरची चळत लावू नका. एक-दीड मिलिमीटरची एखादी टर्न केलेली शिम (पातळ चकती) चालते, त्याहून जास्त लागत असेल तर ब्रॅकेट चुकलंय, नवं करा.

आता माझी चूक सांगतो. आम्ही कॅलिपर बसवले, पाइप जोडले आणि एअर, म्हणजे तेलात अडकलेली हवा, काढायला बसलो. ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या संपल्या तरी पेडल स्पंजसारखंच. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी चाकाशी बसून एकदा बघितलं आणि निप्पलवर बोट ठेवलं. मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता, त्यामुळे एअर काढायचं निप्पल खाली आलं होतं. हवा वर राहते, निप्पल खाली असेल तर ती कधीच निघणार नाही. निप्पल कॅलिपरच्या सगळ्यांत वरच्या बाजूला आलंच पाहिजे.

मास्टर आणि बूस्टर

सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

एक खणाचा मास्टर ठेवू नका. त्यात चारही चाकांना एकच तेल जातं. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन खणांचा मास्टर घ्या, पुढचा एक भाग, मागचा एक भाग. कुठलं तोंड पुढे आणि कुठलं मागे हे अंदाजानं ठरवू नका. तो मास्टर ज्या गाडीचा आहे तिचे पाइप कसे जातात ते बघून तसेच जोडा, आणि तो पुढे डिस्क-मागे ड्रम असलेल्या गाडीचाच घ्या.

मास्टरच्या बोअरचा हिशेब साधा आहे. समजा पायानं ३० किलोचा जोर दिला आणि पेडलचा दांडा तो सहा पट करतो. म्हणजे मास्टरच्या पिस्टनवर १८० किलो. एक इंची बोअरचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर, तर दाब होतो साधारण साडेपस्तीस किलो प्रति चौरस सेंटिमीटर. बोअर ७/८ इंचाचा असेल तर क्षेत्रफळ ३.८८ आणि दाब सुमारे ४६. बोअर लहान तेवढा दाब जास्त, पण तेल कमी सरकतं आणि पेडल खोल जातं. डिस्कच्या कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो: ५४ मिलिमीटरचा एक पिस्टन जवळजवळ २३ चौरस सेंटिमीटरचा, जुना एक इंची व्हील सिलिंडर पाचचा. त्याला तेल जास्त लागतं. म्हणून बोअर लहान करत सुटणं हा उपाय होत नाही. पुरेसा मोठा बोअर आणि वर बूस्टर, हाच मार्ग.

आठ इंची बूस्टरच्या पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस सेंटिमीटर. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोचा व्हॅक्यूम मिळाला तर दोनशे किलोच्या वर मदत होते. पण हा व्हॅक्यूम येणार कुठून? पेट्रोल इंजिनात तो इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. जुन्या डिझेल इंजिनात मॅनिफोल्डला व्हॅक्यूम नसतोच. बूस्टर लावून पाइप मॅनिफोल्डला जोडला आणि मग ‘बूस्टर खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडणारे लोक मी बघितलेत. डिझेलला व्हॅक्यूम पंप लागतो. पाठीमागे पंप असलेले अल्टरनेटर मिळतात, आम्ही तोच बसवला. त्याला इंजिनकडून ऑइलची एक नळी द्यावी लागते आणि एक परतीची, ती जाड हवी. व्हॅक्यूमची होज त्यासाठीचीच जाड भिंतीची घ्या, साधी पाण्याची नळी आत चेपते. मधल्या चेक व्हॉल्व्हचा (एकाच दिशेनं हवा जाऊ देणाऱ्या झडपेचा) बाण बघून लावा.

बूस्टर चालतो का ते तपासायला इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली उतरलं तर बूस्टर आणि पंप दोन्ही ठीक आहेत.

मास्टर पायाखालीच ठेवायचा की इंजिनच्या बाजूला, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) न्यायचा? मला फायरवॉल पसंत आहे. चिखल-पाण्यापासून लांब राहतो आणि तेल बघायला फळी उचलावी लागत नाही. मात्र पत्रा पातळ असतो. मागून जाड प्लेट दिली नाही तर पेडल दाबल्यावर पत्राच वाकतो. बूस्टर असलेल्या पेडलला सहा पट दांडा जास्त होतो, साधारण चार पट पुरतो. मास्टर खालीच ठेवणार असाल तर तो कॅलिपरच्या पातळीच्या खाली जातो आणि उभ्या गाडीत तेल मागे वाहून येतं. त्यासाठी पुढच्या पाइपात २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा) लागतो. ड्रमच्या पाइपासाठी तो १० पीएसआयचा असतो. ड्रमचा व्हॉल्व्ह चुकून डिस्कच्या पाइपात राहिला तर पॅड सुटतच नाहीत.

बूस्टरचा पुशरॉड (पिस्टन ढकलणारा दांडा) आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात किंचित फट पाहिजे, एक मिलिमीटरच्या आसपास. फट नसेल तर पाय काढल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परत टाकीत जायचं भोक झाकलेलं राहतं. थंड गाडीत काही कळत नाही. आमची गाडी जांबोटीपर्यंत छान गेली आणि मग जड व्हायला लागली. उतरून बघितलं तर दोन्ही पुढची चाकं हात लावता येणार नाहीत इतकी तापलेली. तापलेलं तेल फुगत होतं आणि त्याला परतीची वाट नव्हती.

पाइप

पाइप पोलादीच वापरा, ३/१६ इंची म्हणजे ४.७५ मिलिमीटरचा, ब्रेकसाठीच मिळणारा. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून काही जण लावतात. ती कंपनानं तडकते. पाइपाच्या टोकाचा फ्लेअर दोन प्रकारचा असतो: दुहेरी घडीचा आणि गोल बुडबुड्यासारखा. एकाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसल्यासारखं वाटतं, पण दाबाखाली गळतं. आटीही बघा: जुन्या जीपमध्ये इंची ३/८-२४, नव्या सामानात बहुतेक एम-१०, एक मिलिमीटरची. हातानं चार-पाच फेरे सहज जात नसेल तर पान्यानं जबरदस्ती करू नका.

होज बसवल्यावर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. मग गाडी उचलून चाकं लटकू द्या आणि पुन्हा फिरवा. कुठेही होज ताणला जाता कामा नये, टायरला किंवा स्प्रिंगला घासता कामा नये.

पुढच्या-मागच्या तोलासाठी मागच्या पाइपात प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी ठेवणारा) लागतो. पिकअपमध्ये हे नाजूक आहे, कारण मोकळी गाडी मागे हलकी आणि भरलेली गाडी मागे जड. मोकळ्या गाडीची मागची चाकं आधी लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून घसरायला लागली, की गाडी गर्रकन फिरते. कंपनीच्या पिकअपमध्ये मागच्या एक्सलला दांडी जोडलेला, ओझं ओळखून दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. जमलं तर तोच संपूर्ण, त्याच्या दांडीसह बसवा. नाही जमलं तर हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह लावा आणि मोकळ्या गाडीवर, ओल्या मैदानात, पुढची चाकं आधी लॉक होतील असा सेट करा.

तेल आणि एअर

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं घ्या. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. ओलावा शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, आणि हे तेल हवेतला ओलावा सतत शोषतं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात उघडी पडलेली बाटली वापरू नका आणि दर दोन वर्षांनी सगळं तेल बदला. घाटासाठी मी डॉट ४ च घालतो. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. पाइप धुवायला डिझेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल कधीच नको, एका थेंबानंही सील फुगतात. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

एअर काढण्यापूर्वी मागचे ड्रम ॲडजस्ट करा. ते सैल असतील तर पेडल खालीच राहील आणि तुम्ही उगाच हवेला शोधत बसाल. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर उजवीकडे असतो, म्हणून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. वरचा माणूस पेडल दाबून धरतो आणि ‘धरलं’ म्हणतो, खालचा निप्पल पाव फेरा सोडतो, बंद करतो आणि ‘सोड’ म्हणतो. निप्पल उघडं असताना पेडल सोडलं तर हवा परत आत. टाकी मध्ये रिकामी होऊ देऊ नका.

चाचणी

आधी उभ्या गाडीत. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळती आहे. सगळे जोड कोरड्या कागदानं पुसून कागद बघा. मग अंगणात चालण्याच्या वेगानं, मग मोकळ्या मैदानात २० च्या वेगानं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढे जाऊ नका. त्या बाजूच्या उलट कॅलिपरच्या पिना सरकतात का, त्याच्यात हवा आहे का, पॅडला ग्रीस लागलंय का ते बघा.

नवे पॅड बसायला वेळ लागतो. पहाटेचा सुना सरळ रस्ता बघून ५० वरून १० पर्यंत वेग आणा, असं आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळेच्या मध्ये अर्धा-एक किलोमीटर तसंच चालवा. तापलेल्या पॅडवर गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून उभं राहू नका, डिस्कवर डाग बसतो आणि मग पेडल थरथरतं.

घाटाला एकदम जाऊ नका. आम्ही आधी मोकळी गाडी वंटमुरीच्या उतारावर नेली, मग निपाणीकडची तवंदी, त्यानंतर अर्धं ओझं आणि शेवटी भरलेली गाडी घेऊन चोर्ला. प्रत्येक वेळी खाली उतरल्यावर थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता बघितली. डावं-उजवं सारखं पाहिजे. डिस्क आली म्हणून गिअर सोडू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

चिखलाच्या शेतात रोज जाणाऱ्या गाडीत पॅड ड्रमच्या लायनरपेक्षा लवकर झिजतात. दर महिन्याला चाकाच्या भोकातून पॅडची जाडी बघा, ३ मिलिमीटर उरली की बदला. पॅड झिजतात तसं टाकीतलं तेल खाली जातं. वरून ओतण्याआधी पॅड बघायची सवय लावा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर ब्रॅकेटचे, कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क पान्यानं तपासा. प्रत्येक बोल्टवर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली की बोल्ट फिरलाय का, ते पुढे चाक न काढता टॉर्चनं दिसतं.